डॉक्टर म्हणतात भात सोडा, लेक म्हणतो भातच खा

प्रश्न : माझं वय ५८. यजमान ६३ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे, बीपीही आहे. सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी, रात्री नुसती मेटफॉर्मिन आणि बीपीची एक गोळी. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ८.१, वजन ८२ किलो. गुरुवार आणि एकादशीचा उपास ते सोडत नाहीत. मुलगा-सून कॅलिफोर्नियात असतात. दीड वर्षापासून दोघं तेल, तूप, दूध, अंडं काही खात नाहीत. भात, बटाटे, रताळी, कडधान्यं, भाज्या, फळं, बस्स. मुलाचं वजन चौदा किलो उतरलं. दिवाळीला आला तेव्हा आमचा पाच लिटरचा तेलाचा डबा (महिन्याचा असतो तो!) उचलून त्यानं मावशींना देऊन टाकला. म्हणतो, बाबांनाही हेच द्या, सहा महिन्यांत गोळ्या सुटतील. इकडे आमच्या डॉक्टरांनी भात-बटाटा बंद सांगितलाय. घरात ८४ वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांना भातावर तूप लागतंच. मी कुणाचं ऐकू? आणि बिनतेलाची आमटी करायची तरी कशी?
– गोंधळलेली आई, नाशिक

ताई,

तेलाचा डबा गेला ते बरं झालं की वाईट, ते पुढे बघू. तुमच्या पत्रात मला धास्ती वाटली ती गोळ्यांची, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही दोन भाकऱ्या खाल्ल्यात की अर्धी, तिला कळत नाही; ती आपलं काम करतेच. आज तेलातुपाचं जेवण आहे, त्या हिशेबानं गोळी बसलेली आहे. उद्यापासून ताट एकदम हलकं झालं आणि गोळी तीच राहिली तर साखर खाली घसरते. माझ्याकडे येणारे एक निवृत्त शिक्षक असेच कुणाचं तरी ऐकून एका रात्रीत बदलले. चौथ्या दिवशी दुपारी इमारतीच्या जिन्यात घामानं निथळत बसलेले शेजाऱ्यांना सापडले. आपला मजला कोणता, ते त्यांना सांगता येईना. साखर ५२ होती. त्यांचा आहार वाईट नव्हता. गोळी कमी करायची कुणाला सुचलं नव्हतं, एवढंच.

म्हणून पहिला फोन डॉक्टरांना. ‘आहार बदलायचाय, गोळ्यांचं काय करू?’ असं सरळ विचारायचं. बीपीच्या गोळीचंही विचारायचं, कारण मीठ आणि वजन उतरलं की बीपीही उतरतं आणि माणसाला उठताना गरगरतं. घरी ग्लुकोमीटर नसेल तर घ्या. पहिले काही आठवडे सकाळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी आकडा बघून वहीत लिहा. हात थरथरले, घाम फुटला, बोलणं असंबद्ध झालं, मीटरवर ७० च्या खाली दिसलं, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. पण शुद्ध हरपत असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. आणि हो, गुरुवारचा उपास आणि ग्लिमेपिराइड ही जोडी आजही धोक्याचीच आहे. मुलाच्या आहाराशी त्याचा संबंध नाही. तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता लेकाकडे वळू. तो जे सांगतोय ते हवेतलं नाही.

ही विचारसरणी ज्यांनी अमेरिकेत लोकप्रिय केली ते डॉक्टर जॉन मॅकडुगल १९७० च्या दशकात हवाई बेटावर हमाकुआच्या साखरमळ्यांत डॉक्टर होते. तिथं मजुरी करायला आलेली फिलिपिनो, जपानी, चिनी माणसं त्यांच्याकडे येत. पहिल्या पिढीतले म्हातारे आयुष्यभर भात आणि भाज्या खाल्लेले, अंगानं सडसडीत, सत्तरीतही काम करणारे. त्यांचीच मुलं-नातवंडं अमेरिकन जेवणावर आली आणि लठ्ठपणा, मधुमेह, हृदयविकार घेऊन दवाखान्यात येऊ लागली. घराणी तीच, ताटं बदललेली. यावरून मॅकडुगलनी आपला आहार बेतला : स्निग्ध पदार्थ एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत, जवळजवळ ८० टक्के पिष्टमय पदार्थांतून, आणि प्राणिज काही नाही. २०२४ मध्ये ते वारले. त्यांच्या निवासी शिबिरांत सात दिवस हे खाल्लेल्या १,६१५ लोकांचे आकडे २०१४ मध्ये छापून आले. पोटभर जेवूनही आठवड्यात मध्यम वजनघट १.४ किलो, कोलेस्टेरॉल २२ अंकांनी खाली, वरचं बीपी ८ अंकांनी खाली. मात्र तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि शिबिरात आयतं ताट मिळत असताना सात दिवस कुणीही नीट खातो. खरी परीक्षा आठव्या दिवशी, घरी.

त्याच्याही आधीची एक गोष्ट मला फार आवडते. जर्मनीहून अमेरिकेत गेलेले डॉक्टर वॉल्टर केम्पनर ड्यूक विद्यापीठात १९३९ पासून बीपीच्या आणि मूत्रपिंडाच्या अतिगंभीर रुग्णांना नुसता भात, फळं, फळांचा रस आणि साखर देत. बीपीवर धड औषधंच नव्हती तेव्हा. एवढा कोरडा आहार माणसाला फार दिवस देऊ नये असं त्यांनाही वाटे. एका बाईंना त्यांनी दोन आठवड्यांनी या म्हणून सांगितलं. उच्चार जर्मन ढंगाचे. बाईंनी ऐकलं दोन महिने, आणि दोन महिने भात खाऊनच परत आल्या, कितीतरी सुधारून. तिथून त्यांना धीर आला. ही कथा यजमानांना सांगा, पण तो आहार त्यांना करायला लावू नका. तो रुग्णालयाच्या देखरेखीखालचा होता आणि त्यात पांढरा तांदूळ नि साखर होती. गंमत अशी की ‘भात नि साखर म्हणजे मधुमेह’ या आपल्या साध्या समीकरणाला त्या काळीच तडा गेला होता.

मधुमेहावरचा नेमका पुरावा हवा असेल तर अमेरिकेतले डॉक्टर नील बर्नार्ड यांचा २००६ चा अभ्यास बघा. टाइप टूचे ९९ रुग्ण, २२ आठवडे. निम्म्यांना कमी चरबीचा वनस्पतिजन्य आहार, निम्म्यांना अमेरिकन मधुमेह संघटनेचा त्या वेळचा नेहमीचा आहार. ज्यांच्या गोळ्या मध्ये बदलल्या नाहीत त्यांच्यात पहिल्या गटाचं एचबीए१सी १.२३ नं उतरलं, दुसऱ्याचं ०.३८ नं. म्हणजे ८.१ चं ७ च्या आसपास येऊ शकतं, हे शक्यतेच्या टप्प्यात आहे. सगळ्या गोळ्या सुटतील, हा लेकाचा उत्साह. बारा वर्षांच्या मधुमेहात स्वादुपिंडाची ताकद किती उरली आहे त्यावर ते ठरतं. काहींच्या सुटतात, बऱ्याच जणांच्या कमी होतात, काहींच्या तेवढ्याच राहतात. सहा महिन्यांचं वचन वडिलांना देऊ नकोस, असं त्याला माझ्यातर्फे सांगा. नाही सुटल्या की माणूस आहारही सोडतो.

मग तुमचे डॉक्टर चूक आहेत का? अजिबात नाही. अमेरिकेत केविन हॉल या संशोधकांनी वीस जणांना संशोधन केंद्रातच ठेवून दोन आठवडे कमी चरबीचं शाकाहारी जेवण दिलं आणि दोन आठवडे भरपूर चरबीचं, जवळपास पिष्ट नसलेलं मांसाहारी जेवण. दोन्ही वेळा हवं तेवढं खायची मुभा. शाकाहारी जेवणावर माणसं आपोआप रोज जवळजवळ ७०० कॅलरी कमी खात होती आणि उपाशीही राहत नव्हती. पण जेवणानंतरची साखर मात्र याच जेवणात जास्त चढत होती. तुमचे डॉक्टर हा जेवणानंतरचा आकडा बघतात. लेक सहा महिन्यांनंतरचं वजन बघतो. दोघांनाही आपापल्या जागी बरोबर दिसतंय.

दोन्हींचा मेळ कुठे बसतो तर ताटात भाताच्या शेजारी काय आहे तिथे. स्नायूंच्या नि यकृताच्या पेशींत चरबी साठली की इन्सुलिनचा निरोप आत पोचत नाही, साखर रक्तातच ताटकळत बसते. तवंगाची भाजी, तेल लावलेली पोळी, संध्याकाळी फरसाण, रात्री साईचं दूध आणि त्यावर भात : अशा माणसाला डॉक्टरांनी भात सोडा म्हणणं योग्यच. बाकीचं तो सोडणार नाही, हे त्यांना अनुभवानं ठाऊक असतं. लेकाच्या ताटात ते बाकीचं नाहीच, म्हणून त्याला भात पचतो. यजमानांना भात वाढून तेलही तसंच ठेवलंत तर दोन्हीकडचं वाईट तेवढं पदरात पडेल. मला सगळ्यात भीती याच अर्धवट बदलाची वाटते, कारण आपल्याकडे तोच होतो.

तुम्ही मनात म्हणत असाल, आपण पिढ्यान्‌पिढ्या भात-भाकरीच खातोय, मग आपल्याकडे एवढा मधुमेह कसा? आयसीएमआरच्या पाहणीनं २०२३ मध्ये देशात १० कोटींवर मधुमेही सांगितले, आणि आपल्या कॅलरींतला ६२ टक्क्यांच्या आसपास वाटा पिष्टमय पदार्थांचा आहे. पण कुठलं पिष्ट? पॉलिश केलेला तांदूळ, मैदा, साखर. त्यात आपली शरीराची ठेवण. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले होते. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. दिसायला बारीक, आतून चरबीदार, हा आपला वाण. हवाईच्या मळ्यात दिवसभर ऊस तोडणाऱ्याचा भात आणि बँकेतून निवृत्त होऊन टीव्हीसमोर बसलेल्याचा भात एकाच मापानं मोजता येत नाही.

त्यामुळे यजमानांच्या ताटात पिष्ट असू द्या, पण दाण्यातलं टरफल शाबूत असलेलं. ज्वारी-बाजरीची भाकरी, नाचणी, बिनतेलाचा फुलका, मूग-मटकी-चवळी-हरभरा, आमटी घट्ट, भाजी भाकरीहून जास्त. भात हातसडीचा, एक वाटी, आमटी-भाजी झाल्यावर. बटाटा भाजी म्हणून एकदा-दोनदा चालेल, पण वेफर आणि वडा म्हणून नाही. (लेकाला उकडलेले बटाटे पोटभर चालतात, तो पस्तिशीचा आहे आणि जिमला जातो.) साबुदाण्याची खिचडी मात्र माझ्या काळ्या यादीत पहिली. साबुदाणा म्हणजे तंतू गेलेलं, प्रथिनं गेलेलं शुद्ध पिष्ट, वर मूठभर दाण्याचं कूट आणि तूप. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं वजन तेलाचंच असतं, हे आपण कूट टाकताना विसरतो. उपासाला उकडलेलं रताळं द्या.

तुमच्या डब्याचा हिशेब मी कागदावर मांडला. पाच लिटर तेल म्हणजे साधारण साडेचार किलो. तिघांत, तीस दिवसांत वाटलं तर माणशी रोज ५० ग्रॅम, म्हणजे ४५० कॅलरी. सासूबाई त्यांच्या वाट्याचं खात नसणार, म्हणजे यजमानांच्या पोटात त्याहून जास्त. तेवढ्या कॅलरींच्या दोन मोठ्या भाकऱ्या होतात नि वर चतकोर उरते. भाकरी चावावी लागते, पोटात जागा घेते, माणूस ‘बास’ म्हणतो. तेलाला ‘बास’ कुणी म्हणत नाही, ते कळतच नाही. लेकाचे चौदा किलो कुठे गेले त्याचं उत्तर बरंचसं या डब्यात आहे.

आता आमटी. लोखंडी नाही, जाड बुडाची स्टीलची कढई घ्या, कोकम-चिंचेला ती बरी. चांगली तापली की जिरं कोरडंच टाका, वास सुटला की चिरलेला कांदा. तेल नाही म्हणून हात घाबरतो, घाबरू नका. कांदा आधी स्वतःचं पाणी सोडतो, मग तळाला चिकटायला लागतो. करपायच्या आत पाण्याचा हबका मारा नि उलथन्यानं तळ खरवडा. तो जो तांबूस खर निघतो तीच चव. असं तीन-चार वेळा केलं की कांदा छान तांबूस होतो. मग लसूण, कढीपत्ता, हळद, आणि हिंग कोमट पाण्यात कालवून. मोहरी कोरड्या कढईतही तडतडते, पण तिचा स्वाद आमटीत हवा तसा उतरत नाही, मी ती सोडूनच दिली आहे. शिजलेली डाळ, गोडा मसाला एक चमचा, चिंच, आणि गूळ न घालता. नाशिकच्या जिभेला गूळ नसल्यानं फार फरक पडणार नाही. पहिल्या आठवड्यात यजमान नाक मुरडतील. दोन-तीन आठवड्यांत जीभ बदलते, आणि मग बाहेरची भाजी तेलकट लागायला लागते. हे मी कित्येक घरांत बघितलंय, माझ्याही.

तेल पूर्ण शून्य करा असं मात्र मी म्हणणार नाही. रोज एक चमचा जवसाची कोरडी चटणी ठेवा, त्यातून ओमेगा-३ मिळतं. आणि दूध? लेक दूध नकोच म्हणून अडून बसला असेल आणि ते प्राण्यांसाठी असेल तर ती त्याची श्रद्धा, तिचा मान ठेवावा. पण साखरेच्या हिशेबात दोन कप बिनसाखरेच्या चहातलं दूध मी भांडणाचं कारण करणार नाही. रात्रीचं साईचं दूध बंद करा, चहा राहू द्या. चहा काढून घेतलेला निवृत्त माणूस बाकीचं काहीच ऐकत नाही. फक्त तो जेवणाला लागून नको, लोह शोषायला अडथळा होतो. जेवणात लिंबू पिळा.

एका बाबतीत मात्र तडजोड नाही : बी-१२. वनस्पतींतून ते भरवशानं मिळत नाही, आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की आहे तेही कमी शोषलं जातं. याज्ञिकांच्याच गटानं पुणे भागातल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं होतं, त्यात ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं, तेही दूध-दही खाणाऱ्या समाजात. ते कमी पडलं की पायांना मुंग्या येतात, आणि मधुमेह्याच्या घरात त्याचं खापर साखरेवर फुटतं. दूध कमी करायच्या आधीच तपासणी करा आणि डॉक्टर सांगतील ती गोळी कायमची सुरू ठेवा. कॅल्शियमसाठी नाचणी आहे, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. ड जीवनसत्त्व आणि क्रिएटिनिनही (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) त्याच रक्तात बघून घ्या. क्रिएटिनिन वाढलेलं निघालं तर एवढी कडधान्यं, फळं, रताळी चालतील की नाही ते डॉक्टरच ठरवतील, मी पत्रातून ठरवणार नाही. कोलेस्टेरॉलचा रिपोर्टही आधी एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा काढा. त्यात ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) चढलेले दिसले तर भात, फळांचे रस आणि गोड कुठून तरी आत येतंय असं समजा.

नुसत्या ताटावर सगळं टाकू नका, हेही आहेच. अमेरिकेतले डॉक्टर डीन ऑर्निश यांनी १९९० मध्ये हृदयाच्या धमन्यांतले अडथळे शस्त्रक्रियेविना किंचित का होईना मागे हटलेले दाखवले, सरासरी ४० टक्क्यांवरून ३७.८ वर, आणि नेहमीच्या उपचारांवरच्या गटात ते ४२.७ वरून ४६.१ झाले. पण त्यांच्या रुग्णांना दहा टक्के चरबीच्या जेवणाबरोबर चालणं, योगासनं, ध्यान, सिगारेटबंदी असं सगळं होतं. आणि त्यांनाही साय काढलेलं थोडं दूध चालत होतं! जेवणानंतर यजमानांना पंधरा मिनिटं गोदाकाठी नाहीतर कॉलनीत फेरी मारायला लावा. जेवणानंतरच्या ज्या आकड्यानं डॉक्टर हैराण आहेत, तो चालण्यानं उतरतो.

सासूबाईंच्या भातावरचं तूप आहे तसंच राहू द्या. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणूस जेवतोय, हेच मोठं. त्या वयात वजन उतरणं ही चांगली बातमी नसते. त्यांना दूध, दही, मऊ वरण-भात, तूप, सगळं चालू ठेवा. त्यांच्या वाटीत तूप वेगळं वाढायचं, त्यात काही दोन स्वयंपाक होत नाहीत. तुमचं स्वतःचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. बिनतेलाची आमटी तुम्हीही खाणारच आहात, तर रक्त काढायला जाल तेव्हा तुमचंही बी-१२ आणि साखर बघून घ्या.

लेकाला व्हिडिओ कॉलवर ताट दाखवायची गरज नाही. वही दाखवा. तारीख, उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, वजन. तो आकड्यांतला माणूस दिसतो, त्याला ते जास्त कळेल, आणि यजमानांनाही आपल्यावर कुणी पाळत ठेवतंय असं वाटणार नाही.

डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची नावं कागदावर लिहून नेऊ नका. पाकिटंच पिशवीत घालून न्या, उरलेल्या पट्ट्यांसकट. कुठली गोळी रोज घेतली जाते आणि कुठली विसरली जाते, ते त्या पट्ट्या बघूनच कळतं.